सिंगल रायडर लाइन कशी वापरावी: थीम पार्कला निघालेल्या मराठी कुटुंबांसाठी

मी टूर मॅनेजर आहे. मराठी ग्रुप घेऊन सिंगापूरला जाते. सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कचा दिवस हा माझ्या लोकांचा सगळ्यात लाडका दिवस असतो, आणि सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तोही त्याच दिवशी. सकाळी दहाच्या सुमारास आत शिरायचं आणि संध्याकाळी बस गाठायची. मधल्या वेळात जेवण, शो, खरेदी, आजी-आजोबांचे दुखरे गुडघे आणि बहुतेकदा दुपारची एक जोरदार सर. अशात ट्रान्सफॉर्मर्स राइडच्या दाराशी ‘९० मिनिटं’ अशी पाटी दिसली की लोक माझ्याकडे बघतात. त्या पाटीच्या बाजूलाच अनेकदा दुसरं एक दार असतं, त्यावर ‘सिंगल रायडर’ लिहिलेलं असतं, आणि आपली माणसं ते ओलांडून पुढे जातात. कुणाला वाटतं ते जास्त पैसे भरणाऱ्यांचं दार आहे, कुणाला वाटतं ते फक्त एकट्याने फिरायला आलेल्यांचं. दोन्ही समज चुकीचे. त्या दारातून जायला जास्तीचा पैसा लागत नाही. कुटुंबासोबत आलेला माणूसही जाऊ शकतो, फक्त राइडवर बसताना एकट्याने बसायची तयारी हवी.

माझं सांगणं एवढंच आहे की दाराची पाटी बघून रांग निवडू नका, आतली गाडी कशी आहे ते बघून निवडा. एका ओळीत किती सीट आहेत हे कळलं की सिंगल रायडर लाइन पळणार की रेंगाळणार याचा अंदाज बाहेर उभं राहूनसुद्धा येतो.

ही रांग असते कशासाठी

राइडच्या गाडीला ठरावीक ओळी असतात आणि ओळीत ठरावीक सीट. माणसं मात्र तीन, पाच, दोन, सहा अशा घोळक्यांनी येतात आणि प्रत्येक घोळक्याला एकत्र बसायचं असतं. ओळीत चार सीट असतील आणि तिघांचं कुटुंब आलं तर एक सीट उरते. ती रिकामी सोडली तर पार्कचं नुकसान, आणि मागे उन्हात उभ्या असलेल्या शेकडो लोकांचंही. म्हणून एकेकट्या माणसांची वेगळी रांग लावून ठेवायची आणि जिथे भोक पडेल तिथे त्यातला एक जण बसवायचा. डोंबिवली किंवा ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाला ‘एक सीट, एक सीट’ ओरडतो, तेव्हा मागच्या जोडप्याला ओलांडून एकटा माणूस पुढे जातो आणि कुणाला राग येत नाही. हिशोब तोच.

हे किती मोठं काम आहे बघा. ‘रिव्हेंज ऑफ द ममी’, म्हणजे ममीच्या राइडची गाडी सोळा जणांची, चार-चारच्या चार ओळी. समजा मिनिटाला एक गाडी सुटते आणि प्रत्येक गाडीत दोनच जागा रिकाम्या जातात. म्हणजे तासाला १२० माणसं कमी बसली. त्या १२० जागा भरल्या की सिंगल रायडरवाल्यांचा फायदा होतोच, आणि नेहमीच्या रांगेतल्या कुणाचंही काही जात नाही, कारण ती सीट त्यांच्या वाट्याला येणारच नव्हती. आपल्याकडच्या काही काकूंना या दारातून जाताना फार संकोच वाटतो, आपण घुसतोय असं वाटतं. काकू, अजिबात घुसत नाही आहात. पार्कने ती रांग स्वतःच्या गरजेसाठी लावली आहे. बिनधास्त जा.

ओळीत किती सीट, हे आधी बघा

आतला हिशोब कसा चालतो ते एकदा नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

गाडीत बसवण्याच्या जागी एक कर्मचारी उभा असतो किंवा उभी असते. त्यांचं काम एकच, समोर आलेल्या घोळक्याला विचारायचं ‘हाउ मेनी?’ आणि बोटाने ओळीचा नंबर दाखवायचा. ममीच्या फलाटावर मी हे काम बघत उभी राहते, कारण ते खरोखर कौशल्याचं आहे. नेहमीच्या रांगेतून चौघं आले, एक नंबर. मग दोघं आले, दोन नंबर, आणि त्याच वेळी बसवणारीची नजर मागच्या माणसांवर असते, अजून कुणी दोघं आहेत का. सापडले तर तेही दोन नंबरमध्ये. मग तिघं आले, तीन नंबर, आणि लगेच हात डावीकडे वळतो, सिंगलच्या रांगेकडे एक बोट. एक जण पटकन निघतो. मग पाच जणांचं कुटुंब. चौघं एका ओळीत, पाचवा पुढच्या गाडीच्या पहिल्या ओळीत, आणि आता त्या ओळीत तीन जागा. रांगेत कुणी तिघं असतील तर ते जातात. नसतील तर सिंगलच्या रांगेतून एकदम तिघं उचलले जातात. हे सगळं दहा-पंधरा सेकंदांत. म्हणून सिंगलची रांग एकसारखी सरकत नाही. बराच वेळ ठप्प, मग एकदम सहा जण आत. पाच मिनिटं हललो नाही म्हणून घाबरून बाहेर पडू नका.

आता ओळीनुसार फरक बघा. ओळीत चार सीट असतील तर तीन आणि पाच जणांची कुटुंबं तुमच्या उपयोगाची. अशी कुटुंबं सिंगापूरला सुट्टीत भरपूर असतात, आणि त्यात आपली भारतीय कुटुंबं पुष्कळ. ओळीत तीन सीट असतील तर त्याहून चांगलं, कारण फिरायला जोडपी भरपूर येतात, आणि प्रत्येक जोडपं तीनच्या ओळीत एक सीट सोडतं. ओळीत दोनच सीट असतील तर मात्र सावध राहा. जोडपी ती ओळ पूर्ण भरतात, चौघं दोन ओळी पूर्ण भरतात, तुम्हाला जागा मिळते ती फक्त तीन किंवा पाचच्या घोळक्यांतून. अशा राइडवर सिंगलच्या रांगेत वीसच माणसं दिसली तरी ती वीस माणसं जायला वेळ लागतो.

रांग किती लांब दिसते यावर जाऊ नका, किती वेगाने सरकते ते बघा. आत शिरल्यावर घड्याळ लावा. दहा माणसं पुढे जायला किती मिनिटं लागली ते मोजा, पुढची डोकी मोजा, गुणाकार करा. बाहेरच्या पाटीवरचा वेळ बहुतेक ठिकाणी नेहमीच्या रांगेचा असतो, त्यामुळे सिंगलचा वेळ दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारूनच घ्यायचा. ‘सिंगल रायडर, हाउ लाँग?’ एवढं पुरतं. ते अंदाजे सांगतात आणि बऱ्यापैकी खरं सांगतात.

सिंगापूरचा दिवस

सिंगापूरच्या पार्कमध्ये ट्रान्सफॉर्मर्स, रिव्हेंज ऑफ द ममी आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिका या तिन्ही मोठ्या राइडना सिंगल रायडरची सोय आहे. ती रोज, दिवसभर उघडी असेलच असं नाही. गर्दी कमी असेल तर उघडत नाहीत आणि रांग फार वाढली तर दार लावून घेतात. बंद दिसलं तर तासाभराने परत एक चक्कर मारा.

ट्रान्सफॉर्मर्स २०११ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. गाडी बारा जणांची, चार-चारच्या तीन ओळी. थ्रीडी चष्मा लावून बसायचं, गाडी पडद्यांसमोरून फिरते आणि हलते. सिंगल रायडरसाठी ही सिंगापूरमधली माझी पहिली पसंती. चारच्या ओळी, गाड्या एकामागोमाग सुटतात, आणि राइड संपूर्ण आत असल्यामुळे पावसाने थांबत नाही. नेहमीच्या रांगेत आत गेल्यावर पडद्यांवर गोष्टीची पार्श्वभूमी सांगतात, लष्करी तळासारखी सजावट आहे. सिंगलच्या रांगेत त्यातलं बरंचसं चुकतं. गोष्ट माहीत नसेल तरी राइडची मजा कमी होत नाही, पण घरात रोबोटांचं वेड असलेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा असेल तर त्याला पहिल्यांदा नेहमीच्या रांगेतूनच न्या. त्याच्यासाठी ती रांग म्हणजे अर्धी राइड आहे.

ममी पण आतलीच, अंधारातली कोस्टर. ओळी चारच्या. इथे शेजारी कोण बसलंय हे दिसतसुद्धा नाही, त्यामुळे एकट्याने बसल्याचं काही वाटायचं कारण नाही. ज्यांना ‘अनोळखी माणसाशेजारी कसं बसायचं’ असं वाटतं त्यांना मी आधी इथे पाठवते.

बॅटलस्टार म्हणजे ते दोन उंच लोखंडी ट्रॅक, एक लाल, एक निळा, पार्कभर कुठूनही दिसणारे. लाल ह्यूमनमध्ये गाडी रुळांवर बसून जाते, निळ्या सायलॉनमध्ये पाय लोंबकळतात आणि उलटंपालटं व्हायला होतं. या राइडच्या गाड्या आधी चार-चारच्या ओळींच्या होत्या. २०१३ मध्ये ती बंद ठेवली आणि २०१५ च्या मे महिन्यात परत सुरू केली, तेव्हा ओळी दोन-दोनच्या झाल्या. वर सांगितलेला हिशोब इथे लावा. कॉलेजची मुलं जोडीजोडीने आली असतील तर सिंगलची रांग इथे मुंगीच्या पावलाने जाते. म्हणून बॅटलस्टारला सकाळी पार्क उघडल्या उघडल्या नेहमीच्या रांगेतून जा. त्या वेळी तिथे फारशी गर्दी नसते आणि दोघांना शेजारी बसायला मिळतं. ही उघड्यावरची राइड आहे, आकाशात वीज चमकली की थांबवतात. सिंगापूरला दुपारी पाऊस यायचा तो येतोच, त्यामुळे ती दुपारवर ढकलू नका.

मी ग्रुपला दिवस असा आखून देते. सकाळी बॅटलस्टार नेहमीच्या रांगेतून. दुपारी, पाऊस किंवा कडक ऊन असताना, ट्रान्सफॉर्मर्स आणि ममी सिंगलमधून. पाऊस सुरू झाल्याबरोबर मात्र या दोन आतल्या राइडवर सगळं पार्क धावतं. अशा वेळी सिंगलच्या दारातही गर्दी होते, तेव्हा आकाश भरून आलं की पाऊस पडायच्या आधीच आत शिरा. ज्याला ज्या राइडला परत जायचं असेल त्याने दुसरी फेरी कायम सिंगलमधून करावी. पहिल्यांदा सगळ्यांसोबत बसून ओरडून झालेलं असतं, दुसऱ्यांदा फक्त राइड हवी असते.

सुट्ट्यांचंही बघा. आपली मेची सुट्टी संपता संपता सिंगापूरच्या शाळांना जूनची सुट्टी लागते, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्येही तिथे मोठी सुट्टी असते. त्या दिवसांत शाळेतली मुलं घोळक्याने येतात आणि त्यांना ही युक्ती पक्की माहीत असते. दहा मुलं एकदम सिंगलच्या रांगेत उभी राहतात. मी एकदा तिथल्या सिंगलच्या रांगेचा वेळ नेहमीच्या रांगेपेक्षा जास्त झालेला बघितला आहे. म्हणून विचारल्याशिवाय शिरू नका.

उंची, वय, तब्येत

सिंगल रायडरला उंचीची अट तीच असते, आणि वर एक अदृश्य अट असते: मूल एकटं बसू शकलं पाहिजे. सिंगापूरच्या ट्रान्सफॉर्मर्सला कमीत कमी उंची १०२ सेंमी आहे, पण १२२ सेंमीपेक्षा कमी उंचीच्या मुलासोबत मोठं माणूस लागतं. म्हणजे ११० सेंमीचं मूल राइडवर जाईल, सिंगलच्या रांगेतून जाणार नाही. ममीला १२२ आणि बॅटलस्टारला १२५ सेंमी लागतात. घरून निघायच्या आधी भिंतीला उभं करून मुलांची उंची मोजा, बूट काढून. दाराशी मोजपट्टीखाली उभं करून परत पाठवलेलं मूल किती हिरमुसतं ते मी बघितलं आहे, आणि ते टाळणं आपल्या हातात असतं.

अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कमध्ये नियम वयाचा आहे. सात वर्षांखालच्या मुलाला राइडवर चौदा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या माणसासोबतच बसावं लागतं. सात पूर्ण झालेलं, उंचीत बसणारं मूल नियमाने एकटं बसू शकतं. पण नियम आणि आपलं मूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनोळखी माणसाशेजारी, अंधारात, इंग्रजी सूचना ऐकत बसायला ते तयार आहे का, हे आईबापांनीच ठरवायचं. मी साधारण दहा-अकरा वर्षांच्या आधी आग्रह करत नाही.

घरात राइडच्या उंचीपेक्षा लहान मूल असेल तर सिंगल रायडरपेक्षा वेगळी सोय बघा. ऑर्लँडोच्या डिस्ने आणि युनिव्हर्सलमध्ये आईबापांना आळीपाळीने बसू देण्याची पद्धत आहे. एक जण मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग पहिल्याला पूर्ण रांग परत लावावी लागत नाही. दारावर विचारा, फुकट आहे.

बीपी, हृदयाचा त्रास, मान-पाठीची दुखणी, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांबाबतच्या सूचना दोन्ही रांगांना सारख्याच. सिंगलच्या रांगेत माणूस एकटा असतो, आपल्या माणसाला ‘मला कसंतरी होतंय’ असं सांगायची सोय नसते. म्हणून ज्यांना गरगरतं त्यांनी पहिली राइड घरच्या कुणासोबत करावी.

घरच्यांशी आधी बोला

राइडवर सगळ्यात जास्त खटके इथे उडतात. बायकोला वाटतं आपण शेजारी बसणार, नवरा तिला सिंगलच्या रांगेत नेतो, आणि वर फलाटावर ती दोन नंबरला आणि तो पुढच्या गाडीत. मग ती रुसते, आणि तिचं बरोबर असतं. आमच्या ग्रुपमध्ये एक काका मला म्हणाले, ‘ताई, एवढे पैसे भरून आलो, मुलगी किंचाळताना तिचं तोंड बघायला नको का?’ मी म्हटलं, ‘काका, हवं. मग सिंगलमध्ये जाऊच नका, त्या एका राइडसाठी रांग लावा, बाकीच्या सिंगलमधून उरका.’ त्यांनी तेच केलं, ट्रान्सफॉर्मर्सला तासभर उभे राहिले आणि मुलीशेजारी बसले. वेळ वाचवणं कधी महत्त्वाचं आणि शेजारी बसणं कधी, हे राइडगणिक ठरवा. नव्या लग्नाच्या जोडप्यांना मी सिंगलचं नाव काढत नाही, त्यांनी विचारलं तरच सांगते.

दुसरी गोष्ट भेटण्याची जागा. सिंगलमध्ये चौघं एकामागे एक उभे राहिले तरी चार वेगळ्या गाड्यांत जाऊ शकतात. बॅटलस्टारसारख्या राइडवर मोबाइल, चष्मा, टोपी, बॅग सगळं लॉकरमध्ये टाकावं लागतं, म्हणजे बाहेर आल्यावर फोन करता येत नाही. ‘बाहेर भेटू’ हे पुरेसं नाही, कारण बाहेर पडायची वाट बहुतेक ठिकाणी दुकानातून असते आणि दुकानात माणूस हरवतो. लॉकरसमोर, किंवा आजी ज्या बाकावर बसल्या आहेत तिथे, असं नेमकं ठरवा. लॉकरचा नंबर दोघांना पाठ हवा. लॉकर ठरावीक वेळेपुरतेच फुकट असतात, तेव्हा सिंगलची रांग किती मिनिटांची आहे ते लॉकर लावायच्या आधी विचारलेलं बरं.

बॅगा आजीकडे देऊन सगळ्यांनी पळू नये. आजींनाही पार्क बघायचं असतं. दोन खेपा करा: मुलं आणि बाबा सिंगलमधून जाऊन येईपर्यंत आई आजींसोबत शो बघते, मग अदलाबदल. सिंगलमुळे वाचलेला वेळ आजींसाठी वापरला गेला तर मला फार बरं वाटतं.

आत कसं वागायचं

दाराशी कर्मचारी विचारतो, ‘सिंगल?’ एक बोट वर करून ‘येस’ म्हणा. तिघं सोबत असाल तर तिघांनीही एकेक बोट, ‘थ्री’ म्हणू नका. ‘थ्री’ म्हटलं की ते नेहमीच्या रांगेकडे पाठवतात.

वर गेल्यावर ‘आम्हाला एकत्र बसवा’ असं सांगायचं नाही. हा त्या रांगेचा एकच मुख्य नियम आहे. कधी कधी गाडीत दोन जागा शेजारी रिकाम्या निघतात आणि पाठोपाठ उभे असलेले दोघं एकत्र बसतात. ते नशीब. मागणी केली तर कर्मचारी नाही म्हणतो, आणि एकत्र बसायचंच असेल तर नेहमीची रांग परत सुरुवातीपासून लावावी लागते. पहिली ओळ, शेवटची ओळ, खिडकीकडची सीट असंही मागता येत नाही. मिळेल ती सीट.

पुढच्या ओळखीच्या माणसाने ‘या ना, माझ्या मागे या’ असं बोलावलं तरी मधे शिरू नका. बाथरूमला जायचं असेल तर आधी जाऊन या. आपल्या मुलांनी रांगेत धरून ठेवलेल्या जागेवर आपण मागून पोचतो, हे तिथे चालत नाही, आणि परदेशी माणसं तोंडावर बोलत नसली तरी त्यांना आवडत नाही.

तुमच्याकडे बोट झालं की लगेच निघायचं. दहा सेकंदांत बसून लॅप बार (मांडीवरचा दांडा) किंवा हार्नेस (खांद्यावरून येणारी पकड) ओढायचा असतो. खिशातलं सगळं आधीच आवरून ठेवा, पट्टा असलेला चष्मा असेल तर पट्टा लावून घ्या. ओळीचा नंबर इंग्रजीत पटकन सांगतात, ऐकू आला नाही तर त्यांच्या बोटांकडे बघा. जमिनीवरही नंबर लिहिलेले असतात. शेजारच्या अनोळखी कुटुंबाला एक ‘हॅलो’ म्हणा. त्यांच्या मधे तुम्ही बसत नाही, कडेला बसता.

राइडचा फोटो घ्यायचा असेल तर लक्षात ठेवा, फोटोत शेजारी अनोळखी माणसं असतील. मुलीचा आणि बाबांचा एकत्र फोटो हवा असेल तर ती राइड सिंगलमधून करायची नाही, हे आधीच ठरवा.

एक्सप्रेस तिकीट घ्यावं का

सिंगापूरला जास्त पैसे भरून एक्सप्रेसचं तिकीट मिळतं, त्याची वेगळी लहान रांग असते आणि त्यात कुटुंब एकत्र बसतं. त्याची किंमत दिवसाच्या गर्दीनुसार बदलते. माझं मत असं: लहान मुलं असलेल्या, एकच दिवस हातात असलेल्या आणि एकत्रच बसायचं ठरवलेल्या कुटुंबाने गर्दीच्या दिवसांत ते घ्यावं. कॉलेजच्या मुलामुलींनी, मित्रांच्या ग्रुपने घेऊ नये. तीन मोठ्या राइड सिंगलमधून निघत असतील तर ते पैसे जेवणावर आणि दुसऱ्या दिवशीच्या प्राणिसंग्रहालयावर खर्च करा.

दुसऱ्या पार्कमध्ये

युरोप टूरमध्ये पॅरिसचं डिस्नेलँड असतं. तिथल्या दुसऱ्या पार्कमधल्या रॅटाटुई राइडची गाडी सहा जणांची, तीन-तीनच्या दोन ओळी. तीनच्या ओळीचा हिशोब आठवा, जोडप्यांमागे एक सीट. तिथे सिंगल रायडर सहसा झकास चालते. क्रशेस कोस्टर त्याच पार्कमध्ये आहे. गाडी चारच जणांची, दोघं-दोघं पाठीला पाठ लावून, त्यामुळे तासाला माणसं कमी बसतात आणि नेहमीची रांग दिवसभर लांब राहते. लहान मुलं नसतील तर ही राइड सिंगलमधून करा. पॅरिसच्या टूरमध्ये वेळ सिंगापूरपेक्षाही कमी मिळतो.

अमेरिकेत मुलामुलींकडे गेलेले आईबाबा ऑर्लँडोला जातात. तिथल्या डिस्नेच्या चार पार्कांपैकी मॅजिक किंगडममध्ये सिंगल रायडर नाही, तेव्हा शोधत बसू नका. अ‍ॅनिमल किंगडममधल्या एक्स्पिडिशन एव्हरेस्टला आहे, दोन-दोनच्या ओळी. स्टार वॉर्सवाल्या स्मगलर्स रनमध्ये सहा जणांची खोली असते: दोन पायलट, दोन तोफा चालवणारे, दोन इंजिनियर. सिंगलने गेलात तर बहुधा इंजिनियरची मागची जागा मिळते, म्हणजे बटणं दाबायची. नातवाला यान चालवायचं असेल तर नेहमीच्या रांगेत उभे राहा. युनिव्हर्सलमध्ये हॅरी पॉटरच्या फॉरबिडन जर्नीला चार जणांचा बाक असतो, सिंगलची रांग चांगली पळते, पण किल्ल्याच्या आतल्या खोल्या आणि बोलणारी चित्रं बहुतेक चुकतात. पॉटरच्या चाहत्यांनी पहिल्यांदा किल्ला बघत जावं. तिथल्याच हॅग्रिडच्या मोटारसायकल राइडवर एक सीट बाइकची, एक साइडकारची. सिंगलने गेलात तर कोणती मिळेल ते तुमच्या हातात नाही.

कॅलिफोर्नियात डिस्नेलँडशेजारच्या पार्कमध्ये रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्स ही २०१२ साली सुरू झालेली राइड आहे, गाडी तीन-तीनच्या दोन ओळींची. नेहमीची रांग फार मोठी असते आणि सिंगलची त्या मानाने बरीच कमी. तिथे एकच दिवस असेल तर सगळ्यांनी हीच युक्ती वापरा.

टोकियोच्या डिस्नेसीमध्ये इंडियाना जोन्स आणि रेजिंग स्पिरिट्स या दोन राइडना ही सोय आहे. दाराची पाटी ठळक नसते, कर्मचाऱ्याला बोट दाखवून ‘सिंगल रायडर’ म्हटलं की ते वाट दाखवतात.

संध्याकाळी पार्क बंद व्हायच्या अर्धा तास आधी सिंगलच्या भरवशावर राहू नका, ते दार नेहमीच्या रांगेच्या आधीच बंद होऊ शकतं. त्या वेळी नेहमीच्या रांगेतली गर्दीही ओसरलेली असते. तिथेच उभे राहा, आणि बसची वेळ मात्र लक्षात ठेवा.